पगाराचा तक्ता आणि त्यात नसलेली माणसं

दिवाळी आली की मुंबई महापालिकेच्या कर्मचाऱ्यांना किती सानुग्रह अनुदान मिळणार, हे मुलुंडच्या रिक्षा स्टँडवरही ठाऊक असतं. २०२४ ला २९ हजार, २०२५ ला ३१ हजार. आकडा बातमीच्या मथळ्यात असतो आणि त्यावर आठवडाभर 'आपल्या पैशानं यांची दिवाळी' अशी कुरकुर चालते. मात्र याच माणसांचा महिन्याचा पगार विचारला, की टेबलापलीकडून उत्तर येतं, 'ती वैयक्तिक माहिती आहे.' नोव्हेंबर २०२५ पासून या उत्तराला कायद्याचंही बळ मिळालं आहे.

२०२३ च्या, पण आता लागू झालेल्या विदा (डेटा) संरक्षण कायद्याची बातमी तुम्ही वाचली असेलच. त्या कायद्याने माहिती अधिकार कायद्यातल्या कलम ८(१)(ञ) ला जवळजवळ मुळापासून छाटलं. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारायची, तर तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा ती दिल्याने कुणाच्या खासगीपणात विनाकारण ढवळाढवळ होते, हे दाखवावं लागे. शिवाय, जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, असं एक परंतुक होतं. आता 'वैयक्तिक' एवढा शब्द पुरतो.

मुंबईकर शैलेश गांधी हे माजी केंद्रीय माहिती आयुक्त. या विषयावर त्यांच्याइतकं सातत्याने बोलणारं दुसरं कुणी नसेल. त्यांचं म्हणणं असं की, हे दुखणं २०२३ च्या कायद्याने सुरू झालं नाही, त्याची सुरुवात २०१२ सालीच झाली. अकोल्यातल्या भविष्य निर्वाह निधी कार्यालयातल्या एका अधिकाऱ्याची माहिती गिरीश देशपांडे यांनी मागितली होती. त्याला दिलेले मेमो, त्याची मालमत्ता, प्राप्तिकर विवरणपत्रं ही सगळी वैयक्तिक माहिती असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं. गांधींच्या मते त्या निकालात परंतुकाचा विचारच झाला नाही, आणि पुढे अधिकाऱ्यांना तोच निकाल ढालीसारखा वापरता आला. मला त्यांचं पटतं. प्राप्तिकर विवरणपत्रावर वाद घालता येईल. पण करदात्यांच्या पैशातून जाणारा पगार हा खासगी कसा?

गंमत म्हणजे तो खासगी नाहीच. माहिती अधिकार कायद्याचंच कलम ४(१)(ख) कुणी अर्ज करण्याची वाट न पाहता सतरा बाबी प्रसिद्ध करायला सांगतं. त्यातली दहावी बाब म्हणजे 'प्रत्येक' अधिकाऱ्याला आणि कर्मचाऱ्याला मिळणारं मासिक वेतन. हे कलम अजून जसंच्या तसं आहे.

महापालिकेचे वॉर्ड या सतरा बाबींच्या पुस्तिका काढतात. उपनगरातल्या एका वॉर्डची पुस्तिका परवा चाळत होतो. दहाव्या बाबीखाली तक्ता होता: अनुक्रमांक, पदनाम, वेतनश्रेणी. शिपाई, अमुक ते तमुक. लिपिक, अमुक ते तमुक. झालं! सातव्या वेतन आयोगाचा तक्ता वाण्याच्या कॅलेंडरवर छापला असता तरी एवढंच कळलं असतं. महागाई भत्ता, घरभाडे भत्ता, ओव्हरटाइम धरून हातात काय पडतं, याचा पत्ता नाही. कायद्याने मागितला पगार, छापली वेतनश्रेणी.

आकडा उघडा झाल्याने काय होतं, ते कॅलिफोर्नियातल्या बेल या गावाने पाहिलं. जेमतेम पस्तीस-चाळीस हजार वस्तीचं, कष्टकऱ्यांचं गाव. २०१० मध्ये 'लॉस एंजेलिस टाइम्स'ने छापलं की तिथल्या नगर व्यवस्थापकाचा पगार वर्षाला आठ लाख डॉलरच्या आसपास आहे. तो माणूस पुढे तुरुंगात गेला. राज्याने सगळ्या नगरपालिकांचे पगार मागवून जाहीर केले.

आपल्याकडे असं घबाड पगारपत्रकात सापडणार नाही. वरकमाईला रकाना नसतो. तरीही नावानिशी पगार सांगायचाच तर तो वरच्या अधिकाऱ्यांपासून सुरू व्हावा. घाटकोपरच्या चौकीवर पहाटे हजेरी लावणाऱ्या सफाई कामगाराचा पगार शेजाऱ्यांनी, सोयऱ्यांनी, पतपेढीवाल्यांनी वाचण्यात लोकहित कमीच. त्याच्या बाबतीत पदनाम आणि आकडा पुरे.

माझा खरा आक्षेप वेगळा आहे. वॉर्डच्या त्या तक्त्यात निम्मं चित्र नसतंच. कचऱ्याच्या गाडीमागे लटकणारा, नालेसफाईला उतरणारा कंत्राटी माणूस कुठल्याच पदनामाखाली येत नाही. त्याचा पगार 'ठेक्याच्या रकमेत' विरघळलेला असतो. महापालिकेने अशांना कधी 'स्वयंसेवक' म्हटलं, कधी संस्थांच्या नावाखाली राबवलं. कचरा वाहतूक श्रमिक संघाने लढा दिला आणि एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २,७०० कामगारांना कायम करण्याचा आदेश उचलून धरला. त्यानंतरही कित्येक जण अडकून राहिले ते यादीतल्या आणि कागदपत्रांतल्या नावांचं स्पेलिंग जुळत नाही म्हणून. ज्यांची नावं कधी कुठे नीट लिहिलीच गेली नव्हती, त्यांच्याकडे आता अचूक नावाचा पुरावा मागितला जात होता.

७४ हजार ४२७ कोटींचा अर्थसंकल्प मांडणाऱ्या महापालिकेला (२०२५-२६ चा हा आकडा) कायम आणि कंत्राटी, दोघांच्या पगारांची यादी करणं जड नाही. तेव्हा अंधेरीत राहत असाल किंवा बोरिवलीत, आपल्या वॉर्ड ऑफिसात अर्ज टाका. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, 'कलम ४(१)(ख), बाब दहा' असा स्पष्ट उल्लेख करा. आणि दुसरा, वेगळा अर्ज लिहा: या वॉर्डात कंत्राटी कामगार किती, त्यांना दरमहा प्रत्यक्ष किती दिले जातात आणि त्यांच्या पीएफच्या चलनांच्या प्रती. उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे.