हाडवैद्याच्या पाटीपासून ज्युदोपर्यंत

ज्युदो म्हटले की डोंगरावरचा मठ आणि पांढऱ्या दाढीचा गुरू डोळ्यांसमोर येतो. तरुणपणी वाचलेल्या पुस्तकांनी माझ्याही मनात तो बसवला होता. पुढे ज्युदोचे जनक जिगोरो कानो (१८६०–१९३८) यांच्या आठवणी वाचल्या आणि मठाच्या जागी हाडवैद्य आला.

१८६८ नंतर जपानने पाश्चात्त्य वळण घेतले, सामुराईंचा वर्ग मोडला आणि जुजुत्सु या त्यांच्या झटापटीच्या विद्येला कोणी विचारीना. तिचे कित्येक जाणकार हाडे बसवून पोट भरत. शाळेत दांडगटांचा मार खाल्लेला किडकिडीत कानो म्हणूनच टोकियोत हाडवैद्यांच्या पाट्या शोधत हिंडला आणि त्यांतल्या एकाच्या सांगण्यावरून फुकुदा हाचिनोसुके यांच्याकडे पोचला. हा डाव कसा करायचा, असे विचारले की फुकुदा त्याला आपटत. पुन्हा विचारले की पुन्हा आपटत. शरीराला कळले की झाले, ही जुनी रीत. कानोचे तेवढ्याने भागेना. त्याला ‘का’ हवे होते.

१८८२ साली टोकियोतल्या एइशोजी या बौद्ध मंदिरात १२ चटयांच्या जागेत ९ शिष्यांसह त्याने कोदोकान सुरू केले. (मंदिर आले ते असे, सरावाची जागा म्हणून.) ‘का’चे उत्तर मात्र पुढे, कितो परंपरेचे गुरू इइकुबो यांच्याशी सराव करताना मिळाले. एरवी गुरू त्याला सहज पाडत. त्या दिवशी तो गुरूंना पाडत राहिला. आधी तोल मोडायचा, मग फेकायचे, एवढेच त्याला उमगले होते. ते ऐकून इइकुबो म्हणाले, आता तुला शिकवण्यासारखे माझ्याकडे काही उरले नाही.

‘ज्यु’चा अर्थ ‘कोमल’ असा देतात. मला तो पटत नाही. कानोंचा हिशेब पाहा. समोरच्याचे बळ १०, माझे ७. अडवले तर मी हरणार. पण तो ढकलत असताना मी तेवढाच मागे सरलो तर त्याचा तोल जातो, त्याचे बळ ३ वर येते आणि माझे ७ शाबूत राहतात. आपल्याला लव्हाळ्याचा दाखला आठवतो, पण तो अपुरा आहे. लव्हाळे फक्त तगते. इथे वाकणारा दुसऱ्याला पाडतो.

यालाच कानोंनी शक्तीचा सर्वोत्तम विनियोग म्हटले, आणि त्याच्या जोडीला दुसरे तत्त्व ठेवले: स्वतःचे आणि दुसऱ्याचे एकत्र कल्याण. हे दुसरे मला बरीच वर्षे भिंतीवरचे सुभाषित वाटे. मग लक्षात आले की ज्युदोत नवख्याला आधी पडायला शिकवतात. नीट पडणारा जोडीदार नसेल तर फेकण्याचा सराव करायचा कोणावर? माझा डाव सुधारतो तो दुसऱ्याने उसन्या दिलेल्या अंगावर.

१९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये खुल्या गटाच्या अंतिम लढतीत हॉलंडच्या आंतोन खेसिंकने जपानच्या अकिओ कामिनागाला जमिनीवर जखडून हरवले. सारे सभागृह सुन्न झाले. आनंदाने बेभान झालेले डच समर्थक मॅटकडे धावले, तेव्हा खेसिंकने हात वर करून त्यांना तिथेच थांबवले. कामिनागा अजून मॅटवर होता.