टोचल्यानंतर बाळ रडते तेव्हा

निजामपुऱ्यातील बहुतेक घरांना हे दृश्य ठाऊक आहे. तान्ह्या बाळाला लस टोचून घरी आणतात, बाळ किरकिरू लागते आणि घरातील प्रत्येक माणूस वैद्य होतो. आजी म्हणते, जायफळ उगाळून द्या, म्हणजे झोपेल. शेजारच्या मासी म्हणतात, मध चाटवा. बाळाचे वडील औषधाच्या दुकानाकडे निघतात. बिचाऱ्या आईला मात्र काय करावे ते सुचत नाही. तिने बाळाला पदराखाली घेऊन बसावे, हेच आम्हांला या लेखात सांगायचे आहे. टोचल्याची कळ शमवण्याचा सर्वांत सोपा व निर्धोक उपाय तिच्याजवळच असतो. धोका असतो तो बहुधा बाटलीत आणि सहाणेवर.

बाळाला खरोखर दुखते काय?

पूर्वी पुष्कळ डॉक्टरही समजत की नवजात बालकाच्या मज्जातंतूंची वाढ पुरी झालेली नसते, म्हणून त्याला वेदना फारशी कळत नाही. त्यामुळे लहान बाळांवरील शस्त्रक्रियासुद्धा कित्येकदा पुरेशी भूल न देता केल्या जात. ही समजूत मोडून काढण्यात आपल्या देशात शिकलेल्या एका डॉक्टरांचा मोठा वाटा आहे. डॉ. कन्वलजीत सिंग आनंद हे इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकले व पुढे इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डला गेले. शस्त्रक्रियेच्या वेळी बाळांच्या रक्तात काय फरक पडतो, याचा त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला. अपुऱ्या दिवसांच्या ज्या बाळांना नीट वेदनाशामक भूल दिली, त्यांच्या शरीरावर कमी ताण पडला आणि शस्त्रक्रियेनंतर त्यांना त्रासही कमी झाला, असे त्यांना आढळले. १९८७ साली हे संशोधन 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात प्रसिद्ध झाले आणि जगभर बाळांच्या भुलीकडे पाहण्याची दृष्टी बदलली.

तेव्हा 'एवढ्याशा जिवाला काय कळते?' असे कोणी म्हणू नये. वासराला टोचतानासुद्धा आपण त्याची मान कुरवाळतो. मग पोटच्या गोळ्याला उताणे दाबून का धरावे?

टोचणे चुकवू नये

जन्मानंतर बाळाला व्हिटॅमिन 'के'चे इंजेक्शन, डाव्या दंडावर बीसीजी आणि २४ तासांच्या आत हिपॅटायटिस 'बी'ची लस देतात. कावीळ किंवा रक्तातील साखर पाहण्यासाठी कधी टाचेला टोचून रक्त घेतात. पुढे ६, १० व १४ आठवड्यांना पुन्हा लशी असतात. हे सारे बाळाच्या भल्याचे आहे. रडेल म्हणून लस टाळणे म्हणजे क्षणाच्या कळेसाठी क्षय, धनुर्वात, घटसर्प व डांग्या खोकला यांना दार उघडे ठेवणे होय. टोचणे टाळू नये, त्याची कळ मात्र कमी करावी.

आईने काय करावे?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली लसीकरणाच्या वेळची वेदना कमी करण्याविषयी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. त्यातील व इतर अनुभवातील गोष्टी अशा :

१) टोचण्याआधी काही मिनिटे बाळाला अंगावर घ्यावे. बाळ नीट चोखू लागले की मग टोचू द्यावे आणि नंतरही पाजत राहावे. चोखणे, दुधाची गोडी, आईची ऊब आणि तिचा ओळखीचा वास या चारही गोष्टी मिळून कळ कमी करतात. तोंडी डोस असेल, तर तो अगोदर द्यावा.

२) पाजणे जमत नसेल, तर बाळाला उघड्या छातीशी धरावे व वरून पांघरूण घालावे. आई बाळंतपणाने थकली असेल, तर वडिलांनीही असे धरावे. यात संकोच करण्यासारखे काही नाही.

३) बाळ काचेच्या पेटीत असेल, तर आईच्या दुधाचे काही थेंब त्याच्या जिभेवर ठेवता येतात. काही रुग्णालयांत टोचण्यापूर्वी दोन मिनिटे मोजून साखरेच्या पाण्याचे थेंब देतात. ते काम परिचारिकेचे आहे. घरी साखरपाणी करून पाजू नये.

४) टोचलेली जागा चोळू नये, शेकू नये व तिच्यावर हळद, तेल किंवा चुना लावू नये. मांडी सुजली, तर स्वच्छ फडके गार पाण्यात भिजवून पिळावे व अलगद ठेवावे.

'मी बाळाला पाजत असताना टोचाल का?' असे परिचारिकेला विचारायला आईने भिऊ नये. ते शक्य असते आणि ते योग्यही आहे.

बाटलीपासून सावध

आता आमच्याच घरची गोष्ट सांगतो. दीड महिन्याच्या नातवाला लस टोचून आणली होती. घरात थोरल्या नातीच्या तापाचे पॅरासिटामॉल होते. तिला एक चमचा देत असत, म्हणून बाळाला अर्धा चमचा द्यावा, असे आम्ही ठरवले. कपाटातून मात्र भलतीच बाटली हाती आली. ती थेंबांची होती. नशिबाने घरात आलेल्या एका परिचारिका ताईंनी चमचा ओतण्याआधीच हात धरला.

त्यांनी आम्हांला हिशेब समजावून दिला. साध्या सिरपच्या ५ मि.ली.मध्ये १२५ मि.ग्रॅ. औषध असते, म्हणजे १ मि.ली.मध्ये २५. थेंबांच्या औषधात १ मि.ली.मध्येच १०० मि.ग्रॅ. असते. अर्ध्या चमच्यातून बाळाच्या पोटात २५० मि.ग्रॅ. गेले असते. एका वेळचे प्रमाण किलोमागे १० ते १५ मि.ग्रॅ. धरतात. आमचे बाळ साडेचार किलोचे होते. म्हणजे सुमारे पावणेचार ते साडेपाच पट औषध आम्ही प्रेमाने पाजणार होतो! असे अति झालेले औषध यकृताला इजा करते.

शिवाय सुईची कळ या औषधाने फारशी थांबतही नाही, म्हणून टोचण्यापूर्वी ते देऊ नये. सहाव्या आठवड्यापासूनच्या लशींनंतर एकदोन दिवस ताप येऊ शकतो. तेव्हा डॉक्टर किंवा आरोग्यसेविका बाळाचे वजन पाहून सांगतील तेवढेच, औषधासोबतच्या मापाने द्यावे. अ‍ॅस्पिरिन मुलांना देऊ नये. निमेसुलाइड तर १२ वर्षांखालील मुलांसाठी भारतात २०११ पासून बंद आहे. बधिर करणारे मलमही विचारल्याशिवाय बाळाला लावू नये.

सहाणेवरचे उपाय

मुंबईच्या गिरणगावात एके काळी कामावर जाणाऱ्या बाया बाळाला अफूची बाळगोळी देत. बाळ दिवसभर निपचित पडे. काही बाळे पुन्हा जागी झालीच नाहीत. जायफळ व खसखस यांचाही हेतू तोच, बाळाला गुंगी आणणे. गुंगीतले बाळ दूध पीत नाही, त्याचा श्वास मंदावू शकतो आणि खरे दुखणे झाकले जाते. आपल्याकडे गळथूथी म्हणून मध चाटवतात. मधात कधी कधी अशा जंतूचे बीज असते की त्यामुळे बाळाचे स्नायू लुळे पडतात. एक वर्षापर्यंत मध नको.

बारशाला कान टोचण्याचीही घाई करू नये. निदान ६, १० व १४ आठवड्यांच्या लशी होऊ द्याव्यात. मग जाणत्या माणसाकडून, निर्जंतुक सुईने टोचावे.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

बीसीजीच्या जागी काही आठवड्यांनी पुटकुळी येते, फुटते व वण राहतो. ते स्वाभाविक आहे. पिळू नये, मलम लावू नये.

परंतु बाळ दूध ओढेनासे झाले, सुस्त पडले, हातपाय झटकू लागले, श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक झाला, अंग गार पडले किंवा महिन्याच्या आतील बाळाला १००.४ अंश वा जास्त ताप आला, तर त्याला 'लशीचा ताप' समजून घरी बसू नये. तासन्‌तास थांबत नाही असे रडणेही दाखवावे. रात्र असली तरी १०८ क्रमांकाची गाडी बोलवावी आणि वाटेत बाळाला छातीशी धरून ऊब द्यावी.

आजीबाईंना आमची एक विनंती आहे. बाळ रडू लागले की सहाण शोधू नका. सुनेच्या पाठीला उशी द्या, तिला पेलाभर पाणी द्या आणि चार पाहुण्यांना बाहेरच्या खोलीत बसवा. बाळाचे औषध तिच्यापाशी आहे. तिला ते शांतपणे देऊ द्या.