आघाततरंगाची जाडी

बंदुकीची गोळी ध्वनीहूनहि अधिक वेगानें सुटली म्हणजे तिच्या अग्रापुढें हवेची एक तीक्ष्ण कड तयार होते. एर्न्स्ट माख व पीटर साल्शर यांनीं १८८७ सालीं तिचीं छायाचित्रें प्रसिद्ध केलीं. या कडेच्या पुढें हवा शांत. मागें तीच दाट व तापलेली. हा पालट घडतो तरी किती जागेंत?

कोडें त्याहूनहि जुनें आहे. प्रबळ ध्वनितरंगाचा दाट भाग विरळ भागाहून वेगानें धांवतो. म्हणून तरंगाची चढण अधिकाधिक उभी होते, आणि अखेर एकाच ठिकाणीं दाबाच्या अनेक किंमती आहेत असें गणित सांगूं लागतें! केंब्रिजच्या जॉर्ज स्टोक्सनें १८४८ मध्यें धीट उत्तर दिलें: तेथें दाब एकदम उडी घेतो. परंतु या उडींत ऊर्जेचा हिशेब जुळत नाहीं असा आक्षेप केल्व्हिन व रॅले यांनीं घेतला, आणि स्टोक्सनें तो विचार मागें घेतला. ही माघार अनाठायीं होती. हरवलेली ऊर्जा उष्णता होऊन वायूंतच राहिलेली असते.

ती उष्णता होते वायूच्या चिकटपणामुळें. कण एका थरांतून शेजारच्या थरांत शिरतात, आपली गति तेथें वांटून टाकतात, आणि थरांच्या वेगांतील फरक बुजूं लागतो. चढण जितकी उभी, तितका हा विरोध प्रखर. दोहोंचा तोल साधला कीं कडेची जाडी ठरते. रॅले व जी. आय. टेलर यांनीं १९१० मध्यें हें गणित मांडलें. येथें रॅलेचेंच नांव यावें, ही मोठी मौज!

त्याहून नवल असें कीं, चिकटपणा निम्मा केला (आणि त्याबरोबर उष्णतावहनहि निम्में केलें) तरी उडीची उंची तीच राहते; कड मात्र निम्मी पातळ होते. उंची ठरते ती वस्तुमान, संवेग व ऊर्जा यांच्या जमाखर्चावरून. हे नियम रँकिन व ह्यूगोनियो यांचे.

नेहमींच्या हवेंत दोन टकरींमधील सरासरी अंतर सुमारें ०.००००७ मिलिमीटर असतें, आणि प्रबळ आघाततरंगाची जाडी अशा थोड्याच अंतरांएवढी भरते. तेथें ‘चिकटपणा’ ही कल्पनाच अपुरी पडते, कारण पुष्कळ टकरींच्या सरासरीवर ती उभी आहे. १०० किलोमीटर उंचीवर हेंच अंतर दहा सेंटिमीटरांवर जातें. म्हणून पृथ्वीकडे परतणाऱ्या यानापुढें तेथें अशी तीक्ष्ण कड सांपडत नाहीं.