मुरूम लागेपर्यंत

घरच्या वेधशाळेचे काम टिकाव-फावड्याने सुरू होते. देशावरची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडून आकसते. तिच्यावर उभ्या घराच्या भिंतीला चीर गेली तर माणूस ती बुजवून भागवतो, पण दुर्बिणीच्या खांबाला असे भागवणे जमत नाही. म्हणून परसात किंवा शेतघरामागे जागा ठरली की आधी खड्डा घ्यायचा, आणि तो मुरूम लागेपर्यंत. कोकणात जांभा वरच लागतो, तिथे काम सोपे. काळ्या रानात मात्र चार-पाच फूट खाली जायची तयारी हवी. एवढ्याशा खांबाला एवढा पाया कशाला, असे गवंडी विचारतोच, आणि त्याला उत्तर द्यायला हवे, कारण पटले तरच तो मनापासून काम करतो.

उत्तर हिशोबाचे आहे. सव्वा मीटर उंचीच्या खांबाचे टोक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे कलले, तरी दुर्बिणीची नजर दीड विकलेहून (आर्कसेकंदाहून) जास्त सरकते. एक मीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीत एक विकला म्हणजे कॅमेऱ्याच्या संवेदकावर सुमारे 5 मायक्रॉन. पाच मिनिटे उघडा ठेवलेला कॅमेरा एवढी हालचाल बिनचूक टिपतो आणि गोल तारा अंड्यासारखा लांबट उमटतो. म्हणून तीन फूट लांब, रुंद आणि खोल असा काँक्रीटचा ठोकळा ओततात. त्याचे वजन 1.8 टनांच्या आसपास भरते. आत सळ्या आणि रिंगा, डोक्यावर माउंट बसवायला बोल्ट, आणि पुढे निदान दोन आठवडे न चुकता पाणी मारणे.

खोलीचा कोबा घालताना खांबाभोवती बोटभर फट ठेवावी लागते. तिथे थर्मोकोल भरला की पुरे. कोबा खांबाला चिकटला तर खोलीत चालणाऱ्याचे प्रत्येक पाऊल ताऱ्यापर्यंत पोचते. ही फट गवंड्याला अपुऱ्या कामासारखी वाटते आणि तो प्रेमाने ती बुजवून टाकतो. त्या दिवशी मालकाने जागेवर असावे.

खांब उभा राहिला की त्यावर माउंट बसतो आणि आपला अक्षांश कामाला लागतो. पृथ्वी स्वतःभोवती 23 तास 56 मिनिटे 4 सेकंदांत फिरते. माउंटचा एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर ठेवून मोटर त्याच गतीने उलटी फिरवली की तारा जागेवर थांबतो. हा अक्ष जमिनीशी जेवढा कोन करतो तो आपला अक्षांश: पणजीला साडेपंधरा अंश, पुण्याला साडेअठरा, नागपूरला एकवीस. युरोप-अमेरिकेतली मंडळी चाळीस-पन्नास अंशांवर राहतात आणि बरेच माउंट त्यांचा विचार करून घडवलेले असतात. आपल्याकडे अक्ष इतका आडवा होतो की प्रतिभाराचा दांडा तिकाटण्याच्या पायाला आपटतो. काही जड माउंट तर एवढे खाली झुकतच नाहीत. विकत घेण्यापूर्वी विचारायचा पहिला प्रश्न हाच.

ध्रुवतारासुद्धा आपल्याकडे तेवढाच खाली. पुण्यात तो क्षितिजावर साडेअठरा अंशांवर, म्हणजे धुरकटात, आंब्याच्या शेंड्यामागे नाहीतर शेजारच्या तिसऱ्या मजल्याआड. शिवाय तो खऱ्या ध्रुवबिंदूपासून चंद्रबिंबाच्या व्यासाहून थोडा जास्तच दूर आहे. तो दिसतच नसेल तर जुनी पद्धत आहे: दक्षिणेला मध्यमंडलाजवळचा एक तारा धरायचा, तो उत्तर-दक्षिण सरकतो का ते बघत माउंट डावा-उजवा करायचा. मग पूर्वेला खाली असलेला तारा धरून तसाच खाली-वर करायचा. अक्ष 5 कलांनी चुकला तर तारा मिनिटाला सव्वा विकलेपर्यंत निसटतो. या कामात एक रात्र सहज जाते. पण खांब पक्का असेल तर ते वारंवार करावे लागत नाही, आणि घरच्या वेधशाळेचे सगळे सुख माझ्या मते इथे आहे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944 पासून आणि मुंबईचे खगोल मंडळ 1985 पासून लोकांना आकाश दाखवत आले आहेत. त्यांच्या कार्यक्रमांना वांगणीसारख्या ठिकाणी रात्रभर जागलेल्यांना माहीत आहे की सामान उतरवणे, जोडणे, जुळवणे आणि पहाटे पुन्हा भरणे यात किती जीव जातो. घरी छप्पर सरकवले की दहा मिनिटांत वेध सुरू होतो, त्यामुळे ढगांमधली तासाभराची उघडीपही वाया जात नाही.

गोल घुमट दिसायला देखणा, पण करायला अवघड. आपल्या गावातला वेल्डर जे उत्तम करू शकतो ते सरकते छप्पर. फाटकांना लावतात ती खाचेची चाके, उलट्या अँगलचा रूळ, चौकोनी नळ्यांची कैची आणि वर पत्रा. रूळ खोलीच्या बाहेर तेवढाच पुढे न्यायचा, खाली दोन खांब द्यायचे. यात विसरली जाणारी गोष्ट म्हणजे वारा. वळवाच्या वाऱ्याला असे सुटे छप्पर म्हणजे आयते पान, म्हणून चारही कोपऱ्यांना खाली खेचून धरणारे आकडे हवेतच. भिंती बुटक्या आणि हलक्या असाव्यात. जाड विटांची किंवा काँक्रीटची भिंत दिवसभर ऊन पिते आणि मध्यरात्रीपर्यंत ते सोडत राहते. त्या उबेने हवा लहरते आणि गुरूचे पट्टे पाण्याखालचे असल्यासारखे हलतात. पांढरा रंग दिलेला पत्रा सूर्यास्तानंतर लवकर निवतो.

आता वीज. लोक दुर्बिणीवर महिनेच्या महिने विचार करतात आणि वीज शेवटच्या दिवशी घरातून ओढलेल्या वायरीवर सोडतात. वेधशाळेतली बहुतेक साधने 12 व्होल्टवर चालतात. माउंट सरासरी एक अँपिअर घेतो, थंड केलेला कॅमेरा दोन ते तीन, छोटा संगणक दीड-दोन, आणि भिंगावर दव धरू नये म्हणून गुंडाळायच्या तापपट्ट्या मिळून दीडेक. एकूण सातच्या घरात. हिवाळ्यातल्या दहा तासांच्या रात्रीला 70 अँपिअर-तास लागले. घरच्या इन्व्हर्टरची शिसे-आम्लाची बॅटरी अर्ध्याहून खाली वारंवार उतरवली तर लवकर मरते, म्हणून ती 150ची घ्यावी लागते. लिथियम आयर्न फॉस्फेटची 100चीही पुरते, वजनाला बरीच हलकी असते, पण महाग पडते.

ही बॅटरी ठेवायची कुठे? खांबाशेजारी. घरात बॅटरी ठेवून 15 मीटर लांब 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर नेली, तर जाऊन-येऊन 30 मीटरच्या वाटेत सात अँपिअरला दीड व्होल्ट गळून जातो. पहाटे, बॅटरी उतरलेली असताना, माउंटला जेमतेम अकरा मिळतात आणि तो मध्येच थांबतो. लोक माउंटला दोष देतात, दोष वायरीचा असतो. तीच वायर 230 व्होल्टची असेल तर त्याच कामाला अर्ध्या अँपिअरहून कमी प्रवाह लागतो आणि गळती नगण्य होते. म्हणून घरातून 230 व्होल्ट जमिनीखालून पाइपातून न्यायचे, वेधशाळेत चार्जरने बॅटरी भरत ठेवायची आणि साधने थेट बॅटरीवर चालवायची. मग गावच्या डीपीचा फ्यूज उडाला किंवा भारनियमन आले तरी चालू असलेला वेध तुटत नाही. वायर पोचतच नसेल तर दोनशे वॅटचे सौर पॅनेल हिवाळ्याच्या स्वच्छ दिवसात एका रात्रीपुरते भरून देते.

दोन गोष्टींत काटकसर अजिबात करू नये. बॅटरीच्या टोकाला लागूनच मुख्य फ्यूज हवा. बारा व्होल्टचा झटका बसत नाही हे खरे, पण शॉर्ट झाला तर तीच बॅटरी शेकडो अँपिअर ओतते आणि वायर पेटते. दुसरी गोष्ट, 230च्या फाट्यावर गळती ओळखून तोडणारा ब्रेकर आणि नीट अर्थिंग. लोखंडी खांब, दवाने ओले हात आणि काळोख हे तिन्ही एकत्र येतात तिथे हा ब्रेकर जीव वाचवतो. वळवाच्या दिवसांत, विजा चमकू लागण्याआधी, सगळ्या वायरी उपसून ठेवणे हाच खात्रीचा उपाय.

जून लागला की दुर्बिणीची नळी घरात आणायची. ओलाव्यात भिंगावर बुरशी धरते आणि तिचे डाग कायमचे राहतात. चार महिन्यांत वेधशाळेत उंदीर वायरी कुरतडतात, गांधीलमाश्या रुळाखाली पोळे करतात. दसऱ्याच्या सुमारास झाडलोट आणि चाकांना ग्रीस.

एवढा खटाटोप करून मिळते काय? 2016 च्या सप्टेंबरमध्ये अर्जेंटिनातल्या रोसारिओ शहरात व्हिक्टर बुसो या हौशी निरीक्षकाने गच्चीवरच्या आपल्या वेधशाळेतून एका दीर्घिकेचे फोटो घेतले आणि त्यात तारा फुटण्याचा पहिला क्षणच सापडला. 2019 मध्ये गेनादी बोरिसोव्ह यांनी स्वतः घडवलेल्या 65 सेंटिमीटरच्या दुर्बिणीतून दुसऱ्या सूर्यमालेतून आलेला धूमकेतू शोधला. मला मात्र जास्त जवळचे वाटतात ते बंगालमधल्या जेसोरचे राधागोविंद चंद्र. कोषागारात नोकरी करणाऱ्या या माणसाने घरून रूपविकारी ताऱ्यांच्या तेजाच्या 37,000 हून अधिक नोंदी केल्या आणि त्या अमेरिकेतल्या निरीक्षकांच्या संघटनेला पाठवल्या. त्या संघटनेने त्यांना सव्वासहा इंची दुर्बीण वापरायला धाडली. ती पुढे खगोलशास्त्रज्ञ वेणू बाप्पूंकडे गेली.

त्या नोंदींची गरज आजही आहे आणि आपल्या रेखांशावरून तर विशेष. ययाती समूहातला अल्गोल हा तारा जोडीदाराआड झाकला जाऊन दर 2.87 दिवसांनी मंदावतो आणि ते ग्रहण सुमारे दहा तास चालते. अमेरिकेत दिवस असताना घडणारे ग्रहण अमेरिकेला दिसत नाही, आणि युरोपात अंधार पडेपर्यंत त्याचा पूर्वार्ध संपलेला असू शकतो. तो पूर्वार्ध इथून, नोव्हेंबरच्या संध्याकाळी, छप्पर सरकवून नोंदता येतो.