सगळं धरून किती?

सुट्टीसाठी कुठंही फोन लावला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: सगळं धरून किती? आम्ही कोल्हापूरचे, घरात सहा माणसं. सासूबाईंच्या गुडघ्यांना जिने सोसत नाहीत. सासऱ्यांना मधुमेह, त्यामुळं रात्रीचं जेवण आठच्या आत हवं. धाकट्याला वरण-भाताशिवाय चालत नाही आणि थोरलीला पाण्यातून बाहेर काढणं अवघड. एवढ्या गोतावळ्याला घेऊन दर जेवणाला गाडी काढायची, तर सुट्टी रस्त्यातच संपते. राहणं, जेवण आणि फिरणं एकाच पैशात देणारं ठिकाण मिळालं की घरातल्या स्वयंपाक करणाऱ्या बाईलाही सुट्टी मिळते. मला हीच गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची वाटते, आणि त्यासाठी परदेशी जायची, पासपोर्ट काढायची गरज नाही.

दरपत्रक मात्र वाचता यायला हवं. ईपी म्हणजे नुसती खोली. सीपी म्हणजे खोली आणि सकाळचा नाश्ता. एमएपीमध्ये नाश्त्याबरोबर एक जेवण, बहुधा रात्रीचं. एपीमध्ये नाश्ता आणि दोन्ही जेवणं. जंगलालगतच्या रिसॉर्टांत बऱ्याचदा ‘जंगल प्लॅन’ असतो, त्यात सफारीही धरलेली असते. म्हातारी माणसं आणि मुलं बरोबर असतील, तर एपीच्या खाली जाऊ नये.

आम्हा कोल्हापूरकरांना जवळचं उदाहरण दांडेलीचं. कर्नाटक सरकारच्या ‘जंगल लॉजेस अँड रिसॉर्ट्स’चा काळी नदीकाठचा कॅम्प तिथं आहे. दर माणशी असतो आणि त्यात राहणं, तिन्ही वेळचं खाणं आणि जंगल सफारी येते. राफ्टिंगसारख्या साहसी खेळांचे पैसे वेगळे पडू शकतात, ते आधी विचारून घ्यावं. आम्ही गेलो तेव्हा सासरे सकाळी चहाचा कप हातात घेऊन झाडांवरचे धनेश बघत बसले, मुलं नदीकडं पळाली आणि दुपारच्या जेवणाचा विचार कुणालाच करावा लागला नाही. याच कंपनीची कबिनीला आणि कारवारजवळ देवबागलाही ठिकाणं आहेत.

मुंबई-पुण्याकडच्यांना कृषी पर्यटन केंद्रं सोयीची. नेरळची चंद्रशेखर भडसावळे यांची सगुणा बाग यातली जुनी आणि नावाजलेली. बारामतीजवळ पळशीवाडीला पांडुरंग तावरे यांनी केंद्र सुरू केलं, आणि २०२० मध्ये राज्य सरकारनं कृषी पर्यटनाचं धोरणच आणलं. अशा केंद्रांत नाश्ता, पिठलं-भाकरीचं जेवण, चहा, बैलगाडी, शिवारफेरी असं सगळं सहसा एकाच दरात असतं. बरीच केंद्रं सकाळी जाऊन संध्याकाळी परतायची सहलही देतात. मुलं लहान असतील तर आधी तशी एक सहल करून बघावी. आवडलं तर पुढच्या वेळी मुक्काम.

कोकणातल्या घरगुती निवासांत बहुतेकदा खोलीचे पैसे वेगळे आणि थाळीचे वेगळे. मासळीच्या ताटाचा दर बाजारभावानं बदलतो, म्हणून तिथं माणशी दिवसाचा खर्च आधीच बोलून घ्यावा. कोकणाऐवजी ताडोब्याच्या जंगलात जाणार असाल तर मंगळवारी गाभा क्षेत्रातली सफारी बंद असते आणि पावसाळ्यात १ जुलै ते ३० सप्टेंबर ते क्षेत्रच बंद असतं, हे तारखा ठरवतानाच पाहावं.

कराचाही हिशेब धरा. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, त्यापुढे १८ टक्के. म्हणून सांगितलेला दर करासह की कराशिवाय, हे विचाराच. बिलात सेवाशुल्क आपोआप लावू नये, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२२ मध्येच स्पष्ट केलं आहे. लावलं तर काढायला सांगा. ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

पैसे भरण्याआधी मी एवढं विचारते. चार वाजताचा चहा आणि पिण्याचं पाणी दरात आहे का? तळमजल्यावरची खोली आणि कमोड मिळेल का? चतुर्थीला उपवासाचं मिळेल का? मुलाचा अर्धा दर कितव्या वर्षापर्यंत? जास्तीच्या गादीचे किती? पोहण्याच्या तलावावर जीवरक्षक असतो का, आणि लहान मुलांसाठी उथळ तलाव वेगळा आहे का? जवळचा दवाखाना किती लांब? बेत रद्द झाला तर किती पैसे परत?

ही उत्तरं फोनवर ऐकून थांबू नका, व्हॉट्सॲपवर लेखी मागा. लिहून द्यायला जो मालक कुरकुरतो, त्याच्याकडं आगाऊ रक्कम भरू नका.