‘डॉक’ हाटांची इभ्रत

युद्धानंतर परमुलखात जाऊन स्थिरावलेल्या माणसांच्या वार्धक्यावर इंग्रजीत ज्या कादंबऱ्या झाल्या, त्यांत चँग-रे ली यांची १९९९ साली प्रसिद्ध झालेली ‘अ जेश्चर लाइफ’ मला सर्वाधिक अस्वस्थ करते. कारण तिचा वृद्ध निवेदक युद्धात पोळलेला निरपराध जीव नव्हे, आणि त्याला नराधम म्हणून हातावेगळे करण्याची सोयही लेखकाने वाचकाला ठेवलेली नाही. न्यूयॉर्कनजीकच्या एका कल्पित गावात वैद्यकीय साहित्याचे दुकान चालवून निवृत्त झालेले हे फ्रँकलिन हाटा डॉक्टर नाहीत, तरीही सारा गाव त्यांना आदराने ‘डॉक’ म्हणतो. आणि प्रशस्त घर, निगराणीतली बाग व मोजके बोलणे यांच्या आधारे कमावलेली ती इभ्रत ते जिवापाड जपतात.

जन्माने कोरियन, जपानी दांपत्याच्या घरी वाढलेले हे गृहस्थ दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशातील जपानी छावणीच्या वैद्यकीय पथकात अधिकारी होते. सैनिकांच्या उपभोगासाठी आणलेल्या कोरियन मुलींची प्रकृती सांभाळणे त्यांच्याकडे सोपविलेले होते, म्हणजे अत्याचाराचा कारभार सुरळीत चालू ठेवणे हीच त्यांची सरकारी चाकरी! त्यांतल्या एकीवर, जिचा उल्लेख ते ‘के’ एवढ्याच अक्षराने करतात, आपले प्रेम होते असे ते सांगतात. तिने त्यांच्याकडे मरण मागितले होते, आणि तेही त्यांच्याने देववले नाही.

कोरियात अशा छळातून वाचलेल्या स्त्रियांना ली स्वतः भेटले होते आणि आरंभी त्यांनी कथा स्त्रीच्याच दृष्टीतून लिहावयास घेतली होती. पुढे तो मजकूर बाजूला सारून त्यांनी हाटांना बोलते केले. पीडितेचा आवाज काढून घेतला, असा आक्षेप यावर घेता येईल. परंतु अशाच छळातून वाचलेल्या किम हाक-सुन या वृद्धेने १९९१ साली स्वतःच्या नावानिशी जाहीर साक्ष दिल्यावर उणीव उरली होती ती दुसऱ्या पक्षाच्या कबुलीजबाबाची, आणि हाटांचे अडखळते, स्वतःला सांभाळून घेणारे कथन नेमके त्या जागी उभे राहते.

तुलनेसाठी पाहता, काझुओ इशिगुरो यांच्या १९८२ सालच्या ‘अ पेल व्ह्यू ऑफ हिल्स’मध्ये नागासाकीहून इंग्लंडात आलेली एत्सुको मैत्रिणीची म्हणून जी हकिगत सांगते, ती तिची स्वतःचीच असावी असा संशय वाचकाला येत राहतो. तंत्रदृष्ट्या ती कादंबरी अधिक सफाईदार आहे. परंतु अपराधाचा हिशेब मात्र ली यांनी अधिक कठोरपणे मांडला आहे.