पापलेट
पापलेट किंवा सरंगा (शास्त्रीय नाव: पॅम्पस अर्जेन्टियस) हा भारताच्या किनारी समुद्रात थव्याने राहणारा मासा आहे. त्याचे शरीर दोन्ही बाजूंनी चपटे, रंग रुपेरी व तोंड लहान असते. शेपटीचा पर दुभंगलेला असून त्याचा खालचा भाग अधिक लांब असतो. पोटाकडील परांची जोडी नसते. प्राणिप्लवक व जेलीफिश हे त्याचे खाद्य आहे. हलवा दिसण्यात त्याच्यासारखा असला, तरी तो वेगळ्या कुलातील मासा आहे.

पालघर जिल्ह्यातील सातपाटी हे गाव पापलेटच्या मासेमारीसाठी प्रसिद्ध आहे. पापलेटसाठी वापरल्या जाणाऱ्या मोठ्या आसाच्या जाळ्यांतून पिल्ले निसटून जातात. याउलट, बोंबील व जवळा पकडण्यासाठी भरती-ओहोटीच्या प्रवाहात लावल्या जाणाऱ्या डोल जाळ्याचे टोक बारीक आसाचे असते. त्यात पापलेटची पिल्लेही सापडतात. एकदाही अंडी घालण्यापूर्वी मासे पकडले गेल्यास पुढील पिढीच घटते. म्हणून महाराष्ट्रात पकडावयाच्या पापलेटची किमान लांबी १३५ मिमी ठरविण्यात आली आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेटला महाराष्ट्राचा राज्यमासा घोषित करण्यात आले.